अंगाचं उजवं

"हे डाव्या बाजूला उघडायला कोणी सांगितलं?"

दादांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच शिवणघरातली यंत्रं एकेक करून थांबली. त्यांच्या हातात परत आलेल्या मालातला एक राखाडी-निळा सदरा होता आणि दारात त्याच मालाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कामगारांसाठी ते सदरे शिवले होते. अंगावर काही सांडलं तर एका हिसड्यात उतरवता यावेत म्हणून गळ्यापासून बाहीपर्यंत आणि बाहीपासून खाली कुशीपर्यंत, अशी सबंध एक बाजू टिचबटणांनी उघडणारी. ती बाजू उजवी हवी होती, कारण त्या कामगारांच्या डाव्या हाताला यंत्र असतं आणि बटणं त्यात अडकली तर माणूसच ओढला जायचा. आणि हे सारे सदरे डावीकडे उघडत होते...

बाहेरच्या कोणाकडून अशी चूक झालीच नसती. या घरात मात्र दादांच्या वडिलांच्या काळापासून दोन उजव्या बाजू होत्या. सदरा पालथा न घालता समोर पसरला की कापणाऱ्याच्या उजव्या हाताला येते ती 'टेबलाची उजवी', आणि तोच सदरा घातल्यावर घालणाऱ्याच्या उजव्या हाताला येते ती 'अंगाची उजवी'. एकीचं उजवं ते दुसरीचं डावं. त्यामुळे कात्री लावण्याआधी "टेबलाचं की अंगाचं?" असं विचारायचंच, हा घरचा नियम होता. कापायचं काम दादांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, आणि त्यांनी तो पाळला होता. धाकट्या दिराला त्यांनी विचारलं होतं, आणि कानाला फोन लावलेला धाकटा मान वळवूनसुद्धा न बघता म्हणाला होता, "टेबलाचं, टेबलाचं."

आता त्याच धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो एका गठ्ठ्याला टेकून उभा होता, आणि गठ्ठा काढून घेतला असता तर खालीच बसला असता. वहिनींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"मीच," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

दादांनी बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी टेबलावरची कात्री उचलून आपल्या खणात ठेवली. "उद्यापासून खाली यायचं नाही. आईकडे बघ, तेवढं पुरे झालं."

कारागीर बायकांनी माना खाली घातल्या. वहिनी जिना चढून वर गेल्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन नळ मोठा सोडला, म्हणजे रडलेलं खाली ऐकू जाऊ नये.

धाकट्याला पाठीशी घालण्याइतकं होतं तरी काय त्यात, असं कोणीही विचारील. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तो शाळेत होता, गणितात नापास झाल्याचं आधी वहिनींना सांगायचा आणि मग त्यांच्याकडून दादांना सांगवायचा. मोठा झाल्यावर त्याने स्वतःचं दुकान काढलं. दुकानापेक्षा दुकानाची पाटी मोठी होती, आणि भिंतीवर 'अडचण म्हणजेच संधी' असं त्याने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं. संधी काही आली नाही, अडचणी मात्र सहकुटुंब आल्या! दुकान बसलं. त्यानंतर कित्येक दिवस तो खोलीचं दार लावून, पडदे ओढून पडून राहायचा, आणि दाराबाहेर ठेवलेलं ताट वहिनी तसंच्या तसं उचलून न्यायच्या... तो दादांच्या हाताखाली उभा राहिला त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. पुन्हा एक अपयश त्याच्या नावावर पडलं असतं तर ते दार कदाचित उघडलंच नसतं, ही भीती वहिनींच्या काळजात घर करून होती.

पण म्हणून टेबल सोडणं त्यांना सोपं गेलं असं नाही! सासऱ्यांनी आपल्या मुलांना नाही, सुनेला कापायला शिकवलं होतं. कापडाच्या जाड थरातून कात्री एका लयीत पुढे सरकू लागली की वहिनींना आपण कोण आहोत ते कळायचं. एरवी त्या कोणाची तरी बायको, कोणाची तरी सून असायच्या. त्या टेबलापाशी त्या फक्त स्वतः असायच्या. आता खालून यंत्रांचा आवाज यायचा आणि त्या वर पालेभाजी निवडत बसायच्या. दादा जेवायला वर येत, जेवत आणि जात. धाकटा तर जिन्यात पाऊल वाजलं तरी पळ काढायचा.

राहता राहिल्या सासूबाई. झटक्याने त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती, पण तिची धार काही गेली नव्हती. रोज सकाळी त्यांना कपडे घालायचे म्हणजे दोघींचीही परीक्षा असायची. तो निर्जीव हात बाहीत घालताना खांद्यातून कळ जायची आणि सासूबाई ओठ चावून म्हणायच्या, "कपडे घालतेस... की कुस्ती खेळतेस?"

त्या दिवशी धुतलेले कपडे वाळले नव्हते. घरात नमुना म्हणून आणलेला तो परत आलेला सदरा तेवढा हाताशी होता. वहिनींना त्याकडे बघवतही नव्हतं, तरी त्यांनी उचलला. सगळी बटणं उघडली. उजवा हात सासूबाईंनी स्वतःच घातला, मागचा भाग पाठीखाली सरकला, पुढचा अंगावर पडला आणि लुळा हात होता तिथेच, गादीवर, राहिला. त्याच्यावरून बाही मिटली. टिच, टिच, टिच...

सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. कळ यायची वाट बघत होत्या त्या. ती आलीच नाही, तेव्हा हळूच एक डोळा उघडून त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं, आई."

"दुखलं नाही ग," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वहिनींचे हात तिथेच थांबले. डोक्यात मात्र कात्री चालू झाली होती.

सासूबाईंना व्यायाम द्यायला बाई यायच्या, त्यांनी तो सदरा उलटसुलट करून पाहिला. त्यांच्याकडे व्यायामाला अशी कितीतरी माणसं होती. दवाखान्यातले ते पाठीत उघडे झगे घालायचे म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि हा तर चारचौघांत घालण्यासारखा, आजारपणाचं नावही न सांगणारा. कुठे मिळेल, बाईंनी विचारलं. वहिनी उत्तर द्यायला गेल्या आणि थबकल्या. खाली दारात टेम्पोचा आवाज आला होता! चिंध्यांचा व्यापारी आज तो परत आलेला सगळा माल उचलायला येणार होता.

त्या तशाच जिना उतरल्या. हमालाने पहिला गठ्ठा खांद्यावर घेतला होता.

"ठेवा तो खाली," वहिनी म्हणाल्या.

दादांनी वळून पाहिलं. "तू वर जा."

"नाही जाणार. हा माल चिंध्या नाही. ज्यांची डावी बाजू लुळी पडली आहे त्यांना..."

"एकदा बुडवलंस ते पुरे नाही का?" दादा व्यापाऱ्यासमोरच म्हणाले. "वर जा म्हटलं ना."

वहिनींचे पाय हलले नाहीत. व्यापारी घड्याळ बघू लागला. हमालाने गठ्ठा खांद्यावर सावरला. आणि इतक्या दिवसांत ज्याने ब्र काढला नव्हता तो धाकटा यंत्रांच्या मागून पुढे आला.

"तिने नाही बुडवलं, दादा. तिने विचारलं होतं मला. मी फोनवर होतो... मीच टेबलाचं म्हणालो."

दादा भावाकडे बघत होते, मग बायकोकडे वळले. "आणि तू... का?"

"भाऊजी पुन्हा दार लावून बसले असते," वहिनी म्हणाल्या. "टेबल गेलं तरी चालेल, असं वाटलं होतं मला. नाही चाललं. पण भाऊजी गेले असते तर अजिबातच नसतं चाललं."

धाकटा लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला. वहिनींनी त्याला रडू दिलं, आणि मग सासूबाईंचं, व्यायामाच्या बाईंचं, सारं सांगितलं. ऐकता ऐकता धाकट्याने बाहीने नाक पुसलं. त्याच्यातला तो मोठ्या पाटीचा दुकानदार जागा होत असावा, कारण रडक्याच आवाजात तो म्हणाला, "दवाखान्यांत नको जायला आधी, वहिनी. घरोघरी सांभाळणारी माणसं असतात, त्यांच्याकडे जाऊ. मी जातो. आणि रुग्णांचे कपडे म्हणायचंच नाही याला. सदरा म्हणायचं."

दादा अजून तिथेच होते. एवढा माल, आणि असा एखादा आजारी... त्यांना खरंच पटत नव्हतं की खजील होऊन ते उगाच हट्ट धरत होते, देव जाणे. वहिनींनी गठ्ठ्यातून एक सदरा ओढला आणि कापायच्या टेबलावर हात थोपटला.

"झोपा इथे."

"कोण, मी?"

"तुम्हीच."

व्यापारी, हमाल आणि साऱ्या कारागीर बायकांदेखत दादा टेबलावर आडवे झाले. वहिनींनी त्यांचा डावा हात उचलला. "सैल सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडला. अजून तुम्हीच उचलताय. माझ्यावर टाका."

दादांचा तो हात आयुष्यात कधी कोणावर विसावला नव्हता. बाप गेल्यापासून त्याने नुसतं पेललंच होतं. हळूहळू त्याचा सगळा भार वहिनींच्या तळव्यावर आला. त्यांनी तो अलगद खाली ठेवला, त्याला जराही न दुखवता कापड अंगाखालून घेतलं, अंगावरून घेतलं आणि एकेक बटण लावत गेल्या. दादा छताकडे बघत पडून होते. डोळ्यांच्या कडांतून पाणी निघून कानांत जात होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

व्यापाऱ्याला काय समजायचं ते समजलं. तो हमालाला घेऊन निघून गेला.

"मी तुला विचारायला हवं होतं ग," दादा पुटपुटले. "सगळ्यांसमोर बोललो... आधी विचारलंच नाही."

वहिनींनी शेवटचं बटण लावलं. त्यांचेही डोळे भरून आले होते. मग दादांनी घसा साफ केला.

"आणि ज्यांचा उजवा हात गेलाय, त्यांनी काय घालायचं?"

"त्यांचे वेगळे कापावे लागतील."

"मग काप ना. वाट कसली बघतेस?"

"कशी कापू?" वहिनी म्हणाल्या. "आधी माझ्या टेबलावरून उठा तर."