वर आलेलं वजन

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामांसोबत घडली आहे. गेल्या उन्हाळ्यात, वणीकडच्या एका बंद कोळसा खाणीवर. आणि रात्री नाही…

भर दुपारी.

नेमसिंग मामा पूर्वी त्याच खाणीत पाळणा चालवायचे. कामगारांना शाफ्टमधून, म्हणजे खाणीच्या खोल उभ्या विहिरीतून, खाली-वर नेणारा लोखंडी पाळणा. एका पावसाळ्यात खाणीत पाणी घुसलं. काही माणसं खालीच राहिली. खाण बंद पडली.

इतक्या वर्षांनी तिथं नवं काम निघालं. दुपारी सौर प्लेटांची जास्तीची वीज वापरून एक अवजड लोखंडी ठोकळा शाफ्टमधून वर ओढायचा. संध्याकाळी तोच खाली सोडायचा. उतरताना तो यंत्र फिरवतो, वीज परत मिळते.

यंत्रावर पुन्हा मामाच.

त्या दुपारी ठोकळा तळाशी होता. मामांनी बटणाकडे हात नेला…

टण्. टण्. टण्.

मामांनी हात मागे घेतला.

"मॅडम, घंटी कोनं वाजवली?"

निशिगंधा मॅडम, तिथल्या इंजिनिअर, हसल्या. "कुठली घंटी, काका? जुनी तर आपण काढून टाकली."

खाणीत तीन घंटांचा अर्थ एकच…

माणसं चढली आहेत. हळू ओढ.

मामांनी हळू ओढलं.

स्क्रीनवर वजनाचा आकडा चढू लागला. चढतच गेला.

"काका, थांबवा! एवढं वजन आलं कुठून?"

"अर्ध्यावर कसं सोडू त्याहिले, मॅडम?"

ठोकळा वर आला. नुसतं लोखंड. त्यावर कोणीच नाही.

आणि मग आकडा उतरू लागला. एकदम नाही. थोडा… थांबून आणखी थोडा… पुन्हा थोडा…

जणू एकेक जण ठोकळ्यावरून उतरत होता.

मॅडम यंत्राच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्या नकळत बाजूला सरल्या. कुणाला वाट द्यावी तशा.

संध्याकाळी ठोकळा खाली सोडला. वजन बरोबर होतं. ठोकळ्याचं होतं तेवढंच.

मॅडमचा जीव भांड्यात पडला. मामांनी मात्र दुसऱ्या दिवशीच काम सोडलं.

परवा मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा विचारलंच. "काहून सोडलं मामा? मंग तर काहीच झालं नाही."

मामांनी अंगणाकडे बघितलं.

"तेच तर, बापू. वर आले… पन वापस खाली कोनीच गेलं नाही."

बाहेर चांगलं ऊन होतं.

तरी मी उठून दार लावलं.