सतरा नंबरची खुर्ची

आमच्या स्वयंपाकघरातला नळ कित्येक महिने गळतोय आणि मी 'या रविवारी नक्की' म्हणतोय. जावा प्रोग्राममधला कसलाही बिघाड मी शोधून काढीन. नळासमोर मात्र शेपूट घालतो.

त्या दिवशी साहेबांनी भलतंच दुखणं गळ्यात मारलं. या शाखेत माझी बदली झाली, तरी हजेरीच्या प्रोग्राममधून जुन्या शाखेतली माझी नोंद निघेना.

"जुनी पुसायला गेलं की नवीच पुढे येते," साहेब म्हणाले. "तुम्हीच निस्तरा."

कारण साधं होतं. आमच्याकडे माणसाची 'प्रायमरी की', म्हणजे प्रोग्राम त्याला ओळखतो ती खूण, दोन तुकड्यांची: शाखा आणि खुर्ची नंबर. योगायोगानं दोन्हीकडे माझी खुर्ची सतरा. दोन नोंदी एकाच माणसाच्या का, हे ठरवणाऱ्या कोडमध्ये कुणा महाभागानं फक्त खुर्ची तपासली होती. शाखेला वाटाण्याच्या अक्षता. त्यामुळे प्रोग्रामच्या लेखी आम्ही दोघे एकच.

मी शाखेची तुलना जोडली आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. पडद्यावर सतरा नंबरच्या दोन ओळी आल्या. दोन्हींपुढे 'हजर'.

मी जुन्या शाखेतल्या शिपाईमामांना फोन लावला.

"मामा, माझ्या खुर्चीवर हल्ली कोण बसतं?"

"कोण म्हणजे? तुम्हीच की." ते हसले. "आत्ताच अर्धी रजा टाकून घरी गेलात. जाताना माझा पाना नेलात, नळाला."

मामांना थट्टेची खोड आहे. पण नळाचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मी घाईघाईनं जुनी ओळ पुसली. एक ओळ उरली. शाखा जुनी, माणूस हजर. पुसली गेली होती ती नवी, माझी.

"साहेब, मी जरा घरी जाऊन येतो," मी म्हणालो. साहेबांनी मान वर केली आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, "आपण कोण?"

मी जिने उतरत पळालो. घराच्या दाराशी दम खात उभा राहिलो. नळाची टपटप नेहमी बाहेरपर्यंत ऐकू येते. आज नव्हती. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही.

बेल वाजवली.

"अहो, बघा ना कोण आलंय," बायको आतून म्हणाली.

माझ्या फाटक्या स्लिपरांची फटफट दाराकडे येऊ लागली.