कोरडी पिशवी

सिस्टर आली ती भर दुपारी, गणवेशाविना. गणवेश काढला की माणूस अर्धं होतं, तशी दिसत होती.

"बसा," अक्का म्हणाली. "आणि ओढणीचं टोक सोडा, त्याचा काय दोष?"

अक्कानं पंचवीस वर्षं एका इस्पितळाच्या दप्तरखान्यात काढली होती. आता ती लोकांच्या भानगडी निस्तरत असे. तिच्या जोडीला खालच्या मजल्यावरचे मास्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक. मास्तरांचा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं, असं अक्का त्यांच्या तोंडावर म्हणे. मास्तर मान डोलावत.

"माझ्या हातून पेशंट गेला म्हणतात," सिस्टर म्हणाली. "परवा चौकशी आहे. परवाना जाईल, कदाचित तुरुंगही."

पेशंट घड्याळजी होता, बेचाळीस वर्षांचा. स्वादुपिंडाला सूज येऊन सव्वीस दिवस खाटेवर. पोटात साचलेलं पाणी काढायला बरगडीखालून नळी घातली होती आणि नळीच्या टोकाला पिशवी. मंगळवारी सकाळी साडेसातला त्या नळीतून रक्ताची धार लागली. वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

"सहाला रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं मी. ठरलेलं, एकच. पण थोरल्या भावानं लिहून दिलंय, पहाटे त्यानं दोन सुया पाहिल्या."

"दोन दिल्यात?"

"नाही."

"खोटं असेल तर आत्ताच सांगा. नंतर मी फार वाईट वागते."

"आईशप्पथ नाही, अक्का."

मास्तरांना ती खरी वाटली. पण मास्तरांना सगळेच खरे वाटत, तीच तर अडचण होती.

घड्याळजीवर उपचार करणारा सर्जन उंच, थकलेला माणूस. त्यानं खोलीचं दार स्वतः लावलं.

"रक्त पातळ करायची गरजच काय होती?" अक्कानं विचारलं.

"सुजेनं प्लीहेच्या शिरेत गुठळी झाली होती. अशांना होते. ती वाढू नये म्हणून."

"आणि फुटलं ते?"

"ती शेजारची धमनी. स्वादुपिंडाचा रस अन्न पचवायचा असतो. तो बाहेर झिरपला की जे सापडेल ते पचवतो, धमनीची भिंतसुद्धा. भिंत पातळ होते, तिला फुगा येतो, फुगा फुटतो."

मास्तरांच्या मनात आलं, घरचाच राखणदार घर खायला उठावा, तसं हे.

"आधी काही चाहूल लागते का?"

"पुष्कळदा. थोडं रक्त येतं आणि आपसूक थांबतं. काही तास, कधी काही दिवस शांत. तेवढ्यात कळलं, तर आतून बूच घालून धमनी बंद करता येते. इथं चाहूलच लागली नाही हो. सोमवारी दुपारी मी जुनी नळी काढून जाड नळी घातली. संध्याकाळी पिशवी चक्क कोरडी. मला बरं वाटलं."

"पेशंटला काही म्हणालात?"

"दुपारीच म्हणालो होतो, नितळ यायला लागलं की घरी सोडतो."

चौकशीसाठी राखून ठेवलेली पिशवी त्यानं कपाटातून काढली. अक्कानं मास्तरांना चित्र काढायला बसवलं आणि स्वतः कागद चाळू लागली.

"वाचते, ऐका. दर सहा तासांनी पिशवीत किती जमलं ते. एकशे चाळीस. एकशे तीस. सोमवारी दुपारी बाराला एकशे वीस. संध्याकाळी सहाला शून्य. रात्री तीस. पहाटे तीस, पिवळसर."

"म्हणजे आटत चाललं होतं," मास्तर म्हणाले.

"आटणारी विहीर तळ दाखवत आटते, मास्तर. एका दुपारीत पाटी पुसल्यासारखी नाही. आणि ही रक्ताची तपासणी, हिमोग्लोबिन. सोमवारी सकाळी अकरा. मंगळवारी साडेआठ. नमुना पहाटे साडेपाचला घेतला, अहवाल आला तोवर माणूस गेला होता. तुमचं चित्र दाखवा."

मास्तरांनी पिशवीची खालची तोटी मन लावून काढली होती. तोटीच्या आट्यांवर पांढरी पातळ पट्टी गुंडाळलेली होती.

"मलमपट्टीची चिकटपट्टी," मास्तर म्हणाले.

"बोट लावून पाहिलंत?"

"पाहिलं. चिकट नाही."

"मग चिकटपट्टी कशी?" अक्कानं चित्र घडी करून ठेवलं.

घड्याळजीची बायको दाराशीच बोलली. आत भिंतभर घड्याळं होती, एकही चालू नव्हतं.

"सोमवारी चारपर्यंत मी होते. पिशवी निम्मी भरली होती, रोजच्यासारखी पिवळट. मग भावजी आले. पुढं सकाळपर्यंत तेच."

"मंगळवारी काही वेगळं दिसलं?"

"बेसिनच्या कडेला लाल ओघळ होते. मी झाडूवाल्या मावशींना बोलले. त्या म्हणाल्या, तुमच्याच माणसानं काहीतरी धुतलं असेल, माझ्यावर कशाला डाफरता?" ती थांबली. "भावजींनी फार केलं हो. लहानपणी यांना खांद्यावर घेऊन शाळेत नेलं त्यांनी. आता जेवतसुद्धा नाहीत."

थोरला भाऊ एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत नळ बसवत होता. मोठाले हात, बसलेले डोळे. बोलतानाही हात थांबत नव्हते. कोपऱ्याच्या आट्यांवर त्यानं पांढरी पट्टी गुंडाळली, पान्ह्यानं आवळलं.

"दोन सुया. माझ्या डोळ्यांदेखत. एक साडेपाचला, एक सहाला. त्या बाईला फासावर द्या."

"नवीन नळ सोडला की पाणी कसं येतं हो?" अक्कानं मध्येच विचारलं.

"लालच येतं आधी. गंज, गाळ. बादलीभर सोडून द्यायचं, मग नितळ." त्यानं वर पाहिलं. "का?"

"सहज. उद्या इस्पितळात या."

जिना उतरताना मास्तर पुटपुटले, "नळाचं काय मध्येच? तुमच्या घरचा गळतोय का?"

अक्का हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सर्जनच्या खोलीत पाच जण जमले. सिस्टर भिंतीला टेकून उभी, भाऊ खुर्चीच्या कडेवर. मास्तर कोपऱ्यात.

"दोन सुया खऱ्याच," अक्का म्हणाली. "साडेपाचची रक्त काढायला, सहाची इंजेक्शनला. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आणि साडेपाचच्या नमुन्यातच हिमोग्लोबिन अकराचं साडेआठ झालेलं होतं. म्हणजे इंजेक्शनच्या आधीच कुठंतरी रक्त वाहून गेलं होतं."

"चाहूल..." सर्जन म्हणाला.

"लागली होती. सोमवारी चार ते सहाच्या मध्ये पिशवी लाल झाली. सहाला मोजायला आले तेव्हा ती कोरडी होती, कारण कुणीतरी ती बेसिनमध्ये ओतून धुतली. तोटी परत नीट बसेना, ठिबकायला लागली. नर्सनं पिशवी बदलली असती. या माणसानं आट्यांवर पट्टी गुंडाळली, जशी तो आयुष्यभर गुंडाळत आलाय."

भावाचे हात प्रथमच स्थिर झाले.

"तो म्हणाला, दादा, साहेबांनी लाल पाहिलं तर आणखी महिनाभर ठेवतील," भाऊ म्हणाला. "रडत होता. मी म्हटलं, वेड्या, नवीन नळी आहे, पहिलं पाणी लालच येतं. ओतून टाकलं. मग खरंच नितळ आलं हो! रात्रभर नितळ! मला वाटलं, माझंच खरं."

त्यानं सर्जनकडे पाहिलं.

"सांगितलं असतं, तर वाचला असता?"

सर्जननं खाली पाहिलं. "संधी होती. आणि एकशे विसाचं शून्य कसं झालं, हे मीही विचारायला हवं होतं. ते मी चौकशीत सांगेन."

भावानं टेबलावरचा कागद ओढला, तक्रार मागे घेतो असं लिहिलं, सही केली. मग सिस्टरपुढं हात जोडले.

"हात खाली घ्या," सिस्टर म्हणाली. "पेशंटच्या मिसेस बाहेर बसल्यात. त्यांना अजून वाटतंय, मी मारलं. त्यांना तुम्ही सांगायचं. माझ्या तोंडून नाही."

तो उठला. दाराच्या काचेतून मास्तरांना बाकीचं दिसलं, ऐकू आलं नाही. ती बाकावर बसली होती, शेजारी नवऱ्याच्या कपड्यांचं गाठोडं. तो तिच्यापुढं उभा राहून बोलत होता. बोलणं संपलं तरी तिनं मान वर केली नाही.

त्यानं बसायला हात टेकला. तिनं गाठोडं उचललं नाही, उलट त्याच्या बसायच्या जागेवर सरकवलं.

तो तसाच उभा राहिला.