उजवीकडचं 'पुसा'

रुग्णालयाच्या संगणकांवर सात प्रोग्राम होते. सहांत 'जतन करा' हे बटण उजवीकडे, निळं, गोलसर कडांचं. औषधांच्या नोंदींचा सातवा मात्र जुना. त्यात ते राखाडी आणि डावीकडे. उजवीकडे होतं 'पुसा'. सवयीनं उजवीकडे बोट गेलं आणि एका नर्सच्या हातून एका आजारी आजीबाईंची नोंद पुसली गेली. नोटीस मिळाली नर्सला.

प्रोग्रामचं रूप ठरवणारी डिझायनर तेव्हापासून धुमसत होती.

"चूक बटणाची आणि शिक्षा त्या मुलीला?" तिनं साहेबांना सुनावलं. "आठवड्यात सगळं एकसारखं करून देते."

सोमवारी तिनं सातवा प्रोग्राम निळा केला, बटणांच्या जागा बदलल्या, मजल्यामजल्यावर जाऊन स्वतः तपासलं. मंगळवारी सकाळी तो पुन्हा राखाडी. तिनं पुन्हा बदलला. बुधवारी तेच. तणतणत ती कोपऱ्यातल्या काकांपुढे उभी राहिली. बावीस वर्षं तो प्रोग्राम तेच सांभाळत होते.

"काका, माझ्या कामात लुडबुड कशाला करता?"

"मी हातही लावला नाही, बाई." काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "सगळं एकसारखं हवं होतं ना तुम्हाला? मग कुणी कुणासारखं व्हायचं, हे तुम्ही एकटीनं कसं ठरवणार?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

गुरुवारी दुपारी उरलेले सहाही राखाडी झाले. सातांतही 'पुसा' उजवीकडे.

ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली. "कुणीतरी मुद्दाम करतंय हे! उद्या माणसं दगावतील!"

"काय करतंय?" साहेब गोंधळले. "पहिल्यापासून असंच आहे की. सातही तुम्हीच तर बनवलेत."

"मी? मला इथे लागून सहा महिने झालेत!"

साहेबांनी एकेका प्रोग्रामची माहिती उघडून दाखवली. बनवणाऱ्याच्या जागी तिचं नाव. खाली बावीस वर्षांपूर्वीचं साल. त्या साली ती पहिलीत होती.

"धडधडीत खोटं आहे हे. मी लेखी तक्रार करणार."

"करा," साहेब हळुवारपणे म्हणाले. "दरवर्षी करताच तुम्ही."

ती परतली. कोपऱ्यात काका नव्हते. टेबलही नव्हतं.

दात-ओठ खात ती तक्रार लिहायला बसली. तिसऱ्या ओळीत हात थबकला.

याच सोमवारी खोक्यातून काढलेल्या नव्याकोऱ्या कीबोर्डवरची अक्षरं पार झिजून गेली होती. प्रत्येक कळेवर गुळगुळीत खळगा पडला होता, आणि त्यात तिचं बोट अगदी नेमकं बसत होतं.