पहिल्या फ्रेटजवळचा मळ

मे महिन्यात आमच्याकडे लाकूड इतकं सुकतं की दारं चौकटीत खुळखुळायला लागतात. गेल्या मे महिन्यात मी प्रशिकची बेस गिटार पहिल्यांदा उघडली ती त्यामुळेच. तिला तडा जाईल म्हणून आई रोज मागे लागली होती.

"तो आला, अन् ते फुटलेली दिसली, तर काय सांगशीन त्याले?"

प्रशिक माझा धाकटा भाऊ. कामठीतल्या भीमगीतांच्या एका पार्टीत तो बेस वाजवायचा. त्या मेच्या आदल्या वर्षी, एप्रिलमधल्या कार्यक्रमांवरून परतताना, भंडाऱ्याच्या अलीकडे सकाळी गाडी चहाला थांबली. प्रशिक हात धुवायला टपरीमागे गेला आणि आला नाही. मागे कापणी झालेलं उघडं शेत होतं. लपायला बांधसुद्धा नव्हता. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पार्टीतल्या मुलांनी आठवडाभर गावं पालथी घातली. घरी आली ती फक्त गिटार.

मी रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षं नोकरी करते. जे दिसतं ते लिहायचं, जे वाटतं ते लिहायचं नाही, ही तिथली सवय. तसंच इथे लिहिते आहे.

त्या मेमधल्या एका रविवारी दुपारी, कूलरसमोर बसून, मी चारही तारा काढल्या. गिटारच्या गळ्यावर, जिथे बोटं दाबतात, तिथे गडद लाकडाची पट्टी असते; तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. तिच्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या कांड्या म्हणजे फ्रेट. त्यांच्या कडांना घाम, कातडी आणि धुळीचा मळ घट्ट बसला होता. जुन्या टूथब्रशनं तो सोडवला, सुती फडक्यानं पुसला आणि लेमन ऑइलचे थेंब चोळले. लाकडानं तेल पाहता पाहता पिऊन टाकलं. फडकं काळं झालं. आईनं ते धुऊ दिलं नाही.

तारा गंजल्या होत्या म्हणून परत चढवल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेल द्यावं म्हणून कव्हर उघडलं. फ्रेटच्या कडांना मळ होता. ओलसर, काळा, वरपासून खालपर्यंत.

"आई, तू हात लावला का याले?"

"मी काहून लावीन वं? मले तर चेनही उघडत नाही ते."

मी सगळं साफ केलं, चेनला छोटं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. पुढच्या रविवारी उघडलं. मळ आलेला होता.

तो खरवडून मी एका डबीत घेतला आणि सोमवारी सकाळी, पेशंट यायच्या आधी, सलाइनच्या थेंबात काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. चपट्या पेशी, म्हणजे माणसाची कातडी. मध्येच रक्ताच्या लाल पेशी. रक्त जुनं असलं की त्या फुटून जातात. या गोल होत्या, अखंड होत्या.

दोनदा पाहिलं. मग घरी येऊन आईला सांगितलं.

आईनं हातातली परात खाली ठेवली. "म्हणजे वाजवून राहिला तो," ती म्हणाली. त्या दिवशी ती दीड वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवली.

त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघी चिठ्ठी उघडावी तसं कव्हर उघडायचो. पण मळ कमी होत चालला होता. आधी वीसही फ्रेटना असायचा, मग नऊ, मग चार. डिसेंबरमध्ये मी गिटार घेऊन प्रतापनगरला गिरिधरकाकांकडे गेले. ते चाळीस वर्षं वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी चष्मा लावून मळावरून बोट फिरवलं.

"हे काही चाल नाही, पोरी. एकाच जागी बोटं दाबून धरली आहेत. हात हलवायले जागाच नाही जसं." मग थांबून त्यांनी विचारलं, "तारा कुठं आहेत याच्या?"

"मे महिन्यापासून काढलेल्याच आहेत."

गिटार त्यांनी स्वतः कव्हरमध्ये ठेवली आणि चेन शेवटपर्यंत ओढली.

जानेवारीत मळ फक्त पहिल्या फ्रेटजवळ उरला. उडदाच्या दाण्याएवढा.

"पुसू नको वं आता," आई म्हणाली. "तू पुसतं म्हणून कमी होऊन राहिलं ते."

हे माझ्याही मनात येऊन गेलं होतं. मी बोलले नव्हते.

दोन रविवार आम्ही नुसतं पाहिलं. मळ तेवढाच राहिला. आई त्याच्यासमोर बसून हळू आवाजात घरातलं काय काय सांगायची.

तिसऱ्या रविवारी तो वाळलेला दिसला. कडा सुटल्या होत्या.

आई झोपली होती. मी ब्लेडनं तो उचलला. मला काय ते जाणून घ्यायचं होतं, दुसरं कारण नाही.

सोमवारी काचेवर पाहिलं. कातडी नव्हती. रक्त नव्हतं. मातीचे कण होते, आणि त्यांच्यात एक पांढरं, केसापेक्षा बारीक मूळ.

त्यानंतर फ्रेटबोर्डवर काही आलं नाही. लाकूड स्वच्छ आहे. आई दर रविवारी विचारते, "आलं का वं काही?" मी नाही म्हणते. मी काय केलं ते तिला सांगितलेलं नाही. ती पुन्हा अर्धीच पोळी खाते.

ती काच मी फेकली नाही. वर कव्हरस्लिपची पातळ काच ठेवून चारही कडा नेलपॉलिशनं बंद केल्या. आत पाणी जात नाही, हवा जात नाही. ती माझ्या ड्रॉवरमध्ये असते. रोज सकाळी मी मूळ मोजते आणि आकडा लिहून ठेवते.

ते वाढतं आहे.

परवा त्याला टोकाशी चार फाटे फुटले. आज चारही आतल्या बाजूला वळलेले आहेत, तार दाबताना बोटं वळतात तसे.