हँड म्हणजे खलाशी

हस्ताचा पाऊस दुपारी आला आणि त्यानं मला पोस्टाच्या पडवीत कोंडून घातलं. शाळा सुटल्यावर कार्डं घ्यायला आले होते, छत्रीची एक काडी मोडलेली. शेजारी खांबाला टेकून एक रापलेला तरुण चिमुकल्या डिक्शनरीकडे असा बघत होता, जसं काही तिनं त्याचं घर बुडवलंय.

"आखूड!" तो पुटपुटला. "मी आखूड?"

मला हसू फुटलं. पोस्टाच्या दारातून आत जायला वाकावं लागेल असा तो ताडमाड, आणि म्हणे आखूड!

"हसा, तुम्हीपण हसा."

"मी तुम्हाला नाही हसले—"

"मग? पावसाला हसलात?"

आतून पोस्टमन सखारामभाऊ ओरडले, "अरे मन्सूर, ती कारकून जैनुद्दीनची नसीमा. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिला दाखव ते पत्र. आठ दिवस माझं डोकं खातोयस!"

त्यानं उजव्या हातानं पत्र पुढे केलं. डावा खिशातच राहिला.

मुंबईच्या एका जहाज कंपनीचं पत्र होतं. तीनच ओळी. पहिली ओळ, ‘वुई आर शॉर्ट ऑफ हँड्स.’

"वाचलंत?" तो म्हणाला. "शॉर्ट म्हणजे आखूड, अपुरा. हँड म्हणजे हात. माझा हात अपुरा आहे म्हणून नोकरी नाही." क्षणभर त्यानं डावा हात बाहेर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. "नांगराच्या साखळीत गेली. पण मुंबईला कळलं कसं? मुसानं सांगितलं. त्याच कंपनीतला माझा दोस्त! त्यानंच अर्ज करायला लावला आणि त्यानंच चुगली केली."

मी पत्र पुन्हा वाचलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, इथे हँड म्हणजे खलाशी. कंपनीला खलाशी कमी पडतायत. तुम्हाला बोलावलंय! वीस तारखेच्या आत हजर व्हा म्हणून लिहिलंय."

त्याचा चेहरा उजळला, मग गोंधळला. "हँड म्हणजे खलाशी? मग खलाशाच्या हाताला काय म्हणतात?"

"हँड."

"हे कसलं बोलणं? माणसाला हात आणि हाताला माणूस?"

"मी नाही केली इंग्रजी!"

तो पागोळ्यांकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मी मुसाला पत्र टाकलंय."

"कसलं?"

"चार पानी... शिव्यांचं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या ओटीवर हजर. मुसाला माफीचं पत्र आणि कंपनीला इंग्रजीतून ‘येतो’ असं उत्तर, दोन्ही मी लिहून दिली. माझी मावशी, सकिना खाला, दारात तांदूळ निवडत बसली होती. ती असल्याशिवाय मी कोणाला ओटीवर बसू देत नसे.

"तुमचं अक्षर सुरेख आहे," तो म्हणाला.

"अक्षरालासुद्धा हँडच म्हणतात," मी बोलून गेले. आणि तीच माझी चूक झाली!

त्या दिवसापासून तो रोज यायचा. जहाजावर फजिती नको, म्हणून प्रत्येक हँड शिकायचाय म्हणे. घड्याळाचा काटा हँड. पत्त्यांचा डाव हँड. टाळ्या वाजवणं हँड. मदत करणंही हँड. शिकवलेलं दुसऱ्या दिवशी विसरून यायचा... आणि इतक्या आनंदानं विसरायचा, की मला संताप यायचा.

"काल काट्याला काय सांगितलं होतं?"

"फिंगर?"

"हँड!"

"पण काटा बोटासारखा दिसतो, बाई. हातासारखा नाही. बघा ना."

"बघायचं नाही, पाठ करायचं!"

"एवढ्या चिडू नका. आपल्या हाताचे अर्थ कमी आहेत का? कापड मोजायला हात, पत्त्यात हात, पोरगी मागायची तरी हात—" तो एकदम थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खालाच्या सुपातले तांदूळसुद्धा थांबले.

"पुढे?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण जरा पातळ आला.

"पुढे... काही नाही. उद्या येतो."

‘उद्या येतो!’ मी दार इतक्या जोरात लावलं की खाला म्हणाली, "दारानं काय केलं गो तुझं?"

मुसाचं उत्तर आलं ते त्यानं मलाच वाचायला दिलं. ‘गाढवा, तुझ्या बोटांचं मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलंय. दोन बोटं नाहीत, पण दोरखंडाची गाठ मारण्यात याचा हात धरणारा कोणी नाही, असं सांगितलं, म्हणून तर बोलावलंय. शिव्या जपून ठेवल्यात. आलास की परत करतो.’

त्यानं पत्र परत घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. डावा हात गुडघ्यावर उघडा पडला होता. खिशात घालायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी त्या हाताकडे पाहत राहिले, आणि त्यानं मला पाहताना पाहिलं.

"वाईट दिसतो?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. आणखी काही म्हणायचं होतं. पण बोलायचं त्यानं होतं, मी का बोलू?

अठरा तारखेची आगबोट ठरली. सतराच्या संध्याकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून आला आणि मला ओलांडून थेट अब्बांसमोर जाऊन बसला. माझे अब्बा बंदरावर कारकून. जहाजाला माणसं हवी असली, की चौकशी त्यांच्याकडेच यायची. मी दाराआड उभी राहिले. खाला माझ्यामागे.

मन्सूरला घाम फुटला होता. मराठीत शब्द फुटेना, म्हणून त्यानं माझंच शिकवणं काढलं.

"चाचा, मला... हँड पाहिजे. एक."

अब्बांनी चष्मा वर केला. "एकच? मिरकरवाड्यातल्या कुणा खलाशाला सांगतो. अनुभवी पाहिजे का नवा चालेल?"

"नवा... नाही, म्हणजे— तुमच्या घरातला."

"माझ्या घरातला? अरे, मी म्हातारा. मला कुठे नेतोस बोटीवर?"

खालानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मन्सूर पाण्याबाहेरच्या मासळीसारखा तोंड उघडून बसला होता. आणि माझी सहनशक्ती तिथे संपली. दोन आठवडे! दोन आठवडे याला एक शब्द शिकवला, आणि तो यानं असा वापरावा!

मी दार ढकलून बाहेर आले.

"अब्बा, त्यांना खलाशी नकोय. ते माझ्याबद्दल विचारतायत. आणि मला मान्य आहे."

अशी कुठली मुलगी बोलते! अब्बांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दहा महिने दर्यावर असतो हा माणूस," ते मला म्हणाले. "घरी दोन. तुझी आई असती तर तिनं हेच विचारलं असतं. जमेल?"

"जमवीन."

"आणि तू?" ते मन्सूरकडे वळले. "एवढी पोरगी बोलली. तुला काही बोलता येतं का?"

"हो... नाही... येतं," मन्सूर म्हणाला.

"निकाह पुढल्या वर्षी, तू परत आलास की," अब्बा म्हणाले. "तोवर विचार बदलला तर दोघांनीही कळवा. त्यात लाज नाही."

दुसऱ्या दिवशी बंदरावर पाऊस नव्हता, पण वारा होता. आगबोट दूर उभी होती आणि माणसं पडावातून तिच्याकडे चालली होती. अब्बा मुद्दामच एका गठ्ठ्यावरचा शिक्का वाचत पाठमोरे उभे राहिले. मन्सूर पडावात पाय टाकता टाकता मागे फिरला, धापा टाकत माझ्यासमोर आला.

"नसीमा. तुम्ही मला आवडता. पोस्टात हसलात ना, तेव्हापासून आवडता."

पडाववाला ओरडत होता. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला असा राग आला, असा राग आला...

"इतकं सरळ मराठी येत होतं तुम्हाला," मी म्हटलं, "तर दोन आठवडे काय करत होतात?"

"तुम्ही चिडलेल्या छान दिसता," तो म्हणाला आणि पळाला.

पडाव लाटांवरून उड्या घेत गेला. मी तिथेच उभी राहून त्याला मनातल्या मनात चार पानं भरतील एवढं बोलले. पडाव आगबोटीला लागेपर्यंत बोलत होते.