आज गाडी आणली न्हाई

शनिवारची पाहुणेमंडळी भट्टीघरात शिरली की कुणीतरी तोच विनोद करणार, हे रेणुकाला पाठ झालं होतं.

"मॅडम, आम्हाला पहिल्या धारेची द्या बरं का!"

मग सगळे असे हसायचे, जणू हा विनोद पवना धरणाच्या काठी आजच जन्माला आला. रेणुकाही हसायची. हसणं पगारात धरलेलंच होतं. मग तांब्याच्या भट्टीवर हात ठेवून ती सांगायची, "पहिली धार आम्ही ओतून देतो. ती नुसती डोक्यात जाते. शेवटची जड होते, तीही नको. मधली तेवढी बाटलीत."

"आणि मधली कुठं सुरू झाली, ते कळतं कसं?"

"नाकानं," रेणुका म्हणायची, आणि लोक तिच्या नाकाकडे बघायला लागायचे.

भट्टी अरुंधती मॅडमची, पवनानगरच्या जरा पुढं. मावळातल्या इंद्रायणी तांदळाची दारू गाळायची आणि त्यात कधी गवती चहा, कधी करवंद, कधी जांभूळ उतरवायचं. लोणावळ्याची एक टूर कंपनी दर शनिवारी पुण्या-मुंबईची मंडळी गोळा करून अशा लहान लहान भट्ट्या दाखवत हिंडायची. सकाळी खंडाळ्याची, दुपारी इंदुरीकडची आणि दिवस कलला की ही शेवटची. खंडाळ्यात चवीवर गंभीर चर्चा करणारी माणसं इथं पोचेपर्यंत गाणी म्हणायला लागलेली असायची.

त्या शनिवारीही तिनं ट्रे फिरवला. छोटे छोटे पेले, बोटभर दारू. सगळ्यांनी घेतले. दारापाशी मात्र एक जण उभा होता, बोटात किल्ली फिरवत...

"मला नगं मॅडम. मी ड्रायव्हर हाय."

"नुसता वास घ्या मग. वासासाठी पोलीस पकडत नाहीत."

तो हसला. पेला नाकाशी धरला, डोळे मिटले आणि पुन्हा एकदा वास घेतला.

"गवती चहा," तो शेवटी म्हणाला. "आमच्या इंदुरीच्या शाळेत हापशामागं व्हता. गंगाधर गुरुजी आमालाच तोडून आणायला लावायचे."

रेणुकानं ट्रे खाली ठेवला. ती इंदुरीचीच, आणि गुरुजींच्या चहासाठी त्या पातीवर बोटं कापून घेतलेल्यांपैकीच एक.

"तुम्ही... तू... खिचडीवाल्या झुंबरमावशींचा पवन?"

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्याचा चेहरा असा उजळला की तिला एकदम तेरा वर्षांचा मुलगाच दिसला.

"रेणे! खरवडवाली रेणी!"

झुंबरबाई शाळेत खिचडी शिजवायची. पोरं जेवून मैदानात पळायची, पण रेणुका पातेल्यापाशी रेंगाळायची, कारण तिला तळाची करपलेली खरवड लागायची. मोठ्या उलथन्यानं पवन ती खरडायचा आणि तिच्या ताटलीत टाकायचा. सातवीनंतर झुंबरबाईनं पवनानगरला बिऱ्हाड हलवलं. निरोप वगैरे काही झालाच नाही, एक दिवस पातेल्यापाशी दुसरीच बाई होती एवढंच. मध्ये पंधरा वर्षं गेली.

त्यानंतर शनिवार काही साधे राहिले नाहीत.

भट्टीवर शुद्धीत असणारी माणसं दोनच. पवन गाडी चालवायची म्हणून पीत नसे, आणि गाडी तर रोजच चालवायची. रेणुका चव घ्यायची ती थुंकून टाकण्यापुरती. तिची आई, आक्काबाई, दर पौर्णिमेला विहारात जाणारी. "पाचवं शील मोडायची नोकरी धरलीस," म्हणून फोनवर सुनवायची. "पीत नाही गं आई, थुंकते," हे रेणुकाचं ठरलेलं उत्तर. तेव्हा मंडळी गाण्यात रंगली की ही दोघं बाहेर ओट्यावर. ती एक पेला पुढं करायची, तो वास घ्यायचा आणि इंदुरीतलं काहीतरी सांगायचा. हा त्यांचा खेळच होऊन बसला.

"करवंद," तो म्हणाला एकदा. "किल्ल्याच्या भिंतीखालची जाळी. तुज्या फ्रॉकाचा खिसा फाटलावता."

"अजून लक्षात आहे?"

"फाडलावता मीच. न्हाई ठिवून कसं चालंल?"

दुसऱ्या शनिवारी जांभूळ होतं.

"इतिहासाच्या पेपराला तुजी जीभ जांभळी व्हती," तो म्हणाला.

"माझ्या जिभेकडे बघत होतास? मग पेपर कोण लिहीत होतं?"

"कुणीच न्हाई. म्हणून तर नापास झालो."

ती हसली, हसताना तिचा हात त्याच्या मनगटाला लागला... आणि तो तिनं जरा उशिरानंच काढून घेतला. धरणाच्या तळ्यावरून वारा आला. कापणीला आलेल्या भाताचा वास होता त्याला.

पुढच्या शनिवारी रेणुकानं ठेवणीतले कानातले घातले. अरुंधती मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बुधवारी तुझं नाक भट्टीकडे असतं. शनिवारी दाराकडे. चालू दे, मी काही बोलत नाही."

पण दोन आठवड्यांनी त्या बोलल्या. गोव्यात नवी भट्टी निघत होती. दोन वर्षांसाठी रेणुकानं जावं, सगळी सूत्रं तिच्या हाती. याच दिवसाची तर ती वाट बघत होती! जायचं हे तिनं त्याच क्षणी ठरवलं, आणि ते मोडणारही नव्हती. ठरलं नव्हतं ते एवढंच, की रिकाम्या हातांनी जायचं की कुणाचा शब्द पदरात घेऊन. ते पवनच्या हाती होतं.

तिनं त्याला ओट्यावर सांगितलं. तो म्हणाला, "चांगलंय की." आणि टायरमधली हवा बघायला गेला.

टायर चांगले टणक होते. रेणुकानं लाथ मारून पाहिलं होतं, तो मंडळींना बोलवायला आत गेल्यावर.

शेवटचा शनिवार आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं लोणावळा आणि तिथून पुढं गोवा. दिवसभर तिचं लक्ष रस्त्याकडे. दिवस कलताना हॉर्न वाजला, पण तो पवनचा नव्हता. मिनीबसच्या स्टेअरिंगवर हनुमंत नावाचा कुणी मिशाळ माणूस बसला होता. शेवटच्या दिवशीसुद्धा नाही आला? एवढंसुद्धा नाही?

पाहुणे उतरत राहिले... आणि सगळ्यांत शेवटी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस आणि हातात तिकीट घेऊन, मागच्या दारानं पवन उतरला.

"आज गाडी आणली न्हाई," तो म्हणाला. "तिकीट काढलंय. आज मी पाव्हणा."

"हे काय नवीन?"

"इतकं शनिवार नुसता वास घेतला. तुज्या हातची चव न घेताच तुला जाऊ देऊ व्हय?"

रेणुका आत गेली आणि फळीवरची एक बिनलेबलची बाटली घेऊन आली. नुसत्या इंद्रायणी तांदळाची, दुसरं काही न घातलेली. या खेपेला तिनं धार मुद्दाम जरा उशिरा तोडली होती, शेवटची जड थोडी उतरू देऊन. मॅडमनी विचारल्यावर "एक करून बघते," एवढंच म्हणाली होती.

पवननं औषध घ्यावं तसा पेला एका दमात घशात ओतला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग तो थांबला. जीभ टाळूला लावून बघितली.

"रेणे... ही तर खरवड हाय."

"ओळखलीस," ती म्हणाली.

बस गेली, पवन राहिला. आणखी दोन पेले झाले. आयुष्यात पहिल्यांदा पिणाऱ्याला तेवढे पुष्कळ होतात.

"तुला एक म्हाईत न्हाई," तो ओट्यावरून भट्टीला उद्देशून म्हणाला. "खिचडी आई करपवायची न्हाई. मी करपवायचो. ती भायेर गेली की चुलीत जास्तीचं लाकूड सारायचो. गुरुजी तिला बोलायचे, ती मला बडवायची. पण खरवड पायजे व्हती ना तुला... तू मला लय आवडतीस, रेणे. तवाबी आन् आताबी."

हेच तर तिला ऐकायचं होतं! पण हा भट्टीशी बोलत होता, आणि ती भट्टीवर काम करणारी पोरगी होती.

"ही पहिली धार झाली पवन. डोक्यात गेलेली. मी ती धरत नाही." तिनं पेला काढून घेतला. "उद्या सकाळी शुद्धीत येऊन सांग. मग बघू."

तिनं त्याला स्कूटरवर मागं बसवलं. पवननं मागची कडी घट्ट धरली आणि वाटभर "बिरेक... हॉर्न दे... सावकाश," असं चालवलं. तळ्याचं पाणी तांबूस झालं होतं, खळ्यांवर भाताच्या उडव्या लागल्या होत्या. घरापाशी झुंबरबाईनं पोराचा अवतार पाहिला आणि एक शब्द न बोलता काठी शोधायला आत गेली.

रेणुकाला झोप कुठली? त्याला आठवलंच नाही तर? आणि आठवलं, पण लाज वाटली तर?

सकाळी स्टँडवर धुकं होतं. एसटी लागली, सामान चढलं. पवन नाही. ती खिडकीशी बसली. कंडक्टरनं दार ओढलं. पवन नाही...

आणि मग धुक्यातून तो धावत आला. ओले केस, एक हात कपाळावर, दुसऱ्यात स्टीलचा डबा.

"काल काय बोललो ते धड आठवत न्हाई," तो खिडकीखाली धापा टाकत म्हणाला.

रेणुकाचा चेहरा पडला.

"म्हणून पुन्यांदा पहिल्यापासनं सांगतो. तू मला आवडतीस. शाळेपासनं. दोन वर्षं काय, चार लागू दे, मी हाय हितं. आन् सुट्टी घावली की येतोच गोव्याला, गाडी घिऊन." त्यानं श्वास घेतला. "आता तुजं काय ते सांग. लगीच पायजे असं न्हाई."

"लगेच सांगा हो ताई, गाडी लेट होतीय," कंडक्टर म्हणाला आणि त्यानं घंटी मारली.

गाडी हलली. पवननं डबा खिडकीतून आत दिला. रेणुकानं झाकण काढलं. गरम होता, आणि वास... खिचडीची खरवड, चांगली मुद्दाम करपवलेली. तिच्या नाकानं क्षणात ओळखलं की ही सकाळी लवकर उठून, जास्तीचं लाकूड सारून केलेली आहे. डोळे भरून आले. तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"धरलं!"

"काय?" तो गाडीबरोबर पळत होता.

"धरलं रे, धरलं!"

अख्ख्या एसटीनं ऐकलं. पवन रस्त्यात थांबला, दोन्ही हात डोक्यावर ठेवून हसत राहिला, आणि ती वळणापर्यंत त्याच्याकडे बघत खरवड खात राहिली.